भरती ओसरेपर्यंत

दवाखान्यातून आणल्यावर निदान चार दिवस तरी ओल्याला खाटेवरून उठू द्यायचं नाही, असं त्याच्या बायकोनं मनाशी पक्कं केलं होतं. पण दुसऱ्याच सकाळी ती चुलीपासून वळून बघते तर खाट रिकामी. स्वारी दाराशी उकिडवी बसून फळीचा सैल झालेला दांडा दगडानं ठोकत होती. मिठागरात वाफ्यातलं मीठ ओढायची ती लाकडी फळी. पाय सुजून वहाणेत मावत नव्हते, तोंड फुगलेलं, आणि निघाला गडी कामाला.

"कुठं निघालात?"

"दांडा ठोकतोय नुसता."

"दांडा ठोकून काय त्याचं लोणचं घालायचंय?"

"बाबा म्हणाले, मागच्या वाफ्यांत मीठ धरलंय. आज ओढलं नाही तर दगड होईल त्याचा."

बाबा म्हणाले. त्या घरात उजाडायचं तेसुद्धा बाबा म्हणाले म्हणूनच. तिनं हातातला चिमटा चुलीवर आदळला आणि गप्प बसली. लग्न होऊन आल्यापासून गप्प बसण्याची कला तिला चांगली अवगत झाली होती.

हे बाबा म्हणजे तिचे सासरे. सगळा गाव त्यांना मुकादम म्हणायचा. मिठागराचा मालक कुठं लांब राहायचा, हंगामाला एकदा तोंड दाखवायचा. बाकी पाणी कधी घ्यायचं, कुठला वाफा कधी फोडायचा, कुणाला कामावर ठेवायचं आणि कुणाला घरी बसवायचं, हे सगळं मुकादमाच्या शब्दावर चालायचं. म्हातारा उंच, ताठ, अंगावर मांस नाही पण आवाजाला धार. माणूस मोठा शिस्तीचा, असं लोक त्याच्याबद्दल मानेनं दुजोरा देत बोलायचे. शिस्त हा शब्द फार सोयीचा असतो. त्याच्याखाली काहीही झाकता येतं आणि वर लोक नमस्कार करतात.

दवाखान्यातली गोष्ट तिच्या डोक्यातून जात नव्हती. मोठ्या गावातल्या त्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ओल्याला समोर बसवलं, दंडाला पट्टा बांधला, फुगवला, पुन्हा फुगवला, आणि आकडा कागदावर लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

"दिवसभरात पाणी किती पिता?"

"पितो की."

"कुठं पिता?" बायको म्हणाली. "सकाळी कपभर चहा. मग दिवेलागणीला घरी आल्यावर तांब्या तोंडाला लावतात. मधे थेंब नाही."

"उन्हात मीठ ओढायचं काम, आणि पाणी नाही? तहान लागत नाही?"

"लागते. पण सवय आहे," ओल्या म्हणाला. त्या म्हणण्यात थोडी ऐटच होती.

"आणि लघवीला कधी जाता?"

त्यानं मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "संध्याकाळी. घरी आलो की."

"दिवसभर नाही?"

"सवय आहे."

बाईंनी खुर्ची जरा पुढं ओढली. एक किडनी जवळजवळ गेलीय, दुसरी निम्मी उरलीय, हे त्यांनी न घाबरवता सांगितलं. मग विचारलं, "झोपेत दचकता?"

"रोज," बायको म्हणाली. "मागून कुणी हाक मारली तरी हातातलं भांडं खाली पडतं."

"लहानपणी घरी काही त्रास होता? मारहाण, उपाशी ठेवणं, असलं काही?"

ओल्या हसला. मनापासून हसला. "छे हो. आमचं लहानपण अगदी चांगलं गेलं. आई नव्हती, पण बाप शिस्तीचा. म्हणून तर माणसात आलो."

"असं बघा," बाई म्हणाल्या, "पोर भीतीत वाढलं की त्याच्या अंगाला भीतीचंच वळण लागतं. पुढं भ्यायचं कारण संपतं, पण अंगाला ते कुणी सांगत नाही. रक्तदाब चढलेला तो चढलेलाच राहतो. तुम्ही पाणी प्या. आणि लागली की उठा. औषध याच्यानंतर."

"हो, हो," ओल्या म्हणाला. बाहेर आल्यावर बायकोला म्हणाला, "बाई चांगल्या आहेत, पण जरा जास्तच चौकशा करतात."

तर असा तो माणूस आज दांडा ठोकत होता. तेवढ्यात अंगणात खोकल्याचा आवाज झाला आणि ओल्याचा हात जिथल्या तिथं थांबला. मुकादम आला होता. त्यानं मुलाच्या पायांकडे बघितलं, सूज बघितली, आणि सुनेला म्हणाला, "पोरगी कुठाय?"

"दप्तर भरतेय. शाळेत निघालीय."

"आज शाळा राहू दे. तिला दारावर पाठव."

दार म्हणजे समुद्राच्या बाजूच्या बांधातलं लाकडी दार. भरतीला ते उचलून खारं पाणी तळ्यात घ्यायचं आणि मग खाली टाकून कडेनं चिखल थापायचा. पण भरतीचं पाणी गप्प बसत नाही. ते फटीफटीतून चिखल चाटत राहतं, त्यात खेकडे बिळं पाडतात, आणि करंगळीएवढी धार बघता बघता मनगटाएवढी होते. एकदा दार सुटलं की पाणी थेट वाफ्यांत, आणि धरलेलं मीठ पुन्हा पाण्याचं पाणी. म्हणून भरती असेपर्यंत दारावर कुणीतरी बसायचं, फट दिसली की चिखल दाबायचा, तेही कमी पडलं तर हात घालायचा. यंदा अवकाळी पावसानं पहिलं मीठ वाहून गेलं होतं, राखणीचा गडी वैतागून शहराकडे निघून गेला होता, आणि आता उधाणाचे दिवस तोंडावर आले होते.

"दुसरं कुणीतरी बघा," सून म्हणाली. "तिसरीतली पोर ती. तिला काय कळतंय?"

"कळायचंय काय त्यात? बसायचं नुसतं. मोठ्या माणसाला दारावर बसवलं तर मीठ कोण ओढणार, तू एकटी?"

तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्यानं काहीतरी बोलावं. नुसतं नको म्हणावं, बाकीचं ती बघून घेईल.

"बसू दे गं," ओल्या म्हणाला. "बसायचंच तर असतं. मी नाही का बसलो? चांगला सहा वर्षांचा होतो तेव्हापासून. काय झालं मला?"

काय झालं मला. सुजलेल्या पायांनी, फुगलेल्या तोंडानं, निम्म्या उरलेल्या किडनीनं तो हे विचारत होता. तिला हसावं की डोकं भिंतीवर आपटावं कळेना. पण मागच्या वाफ्यांत मीठ खरंच धरलं होतं आणि ते ओढणारे हात खरंच कमी होते. तिनं लेकीच्या डोक्याला फडकं बांधलं, पाण्याची बाटली भरून गळ्यात अडकवली, आणि पाठवलं. हे तिनं स्वतःच्या हातानं केलं, ही गोष्ट तिला नंतर फार जाळणार होती.

लेकीला सगळे टिटवी म्हणायचे. कारण उघड होतं. सकाळी डोळा उघडला की जी टकळी सुरू व्हायची ती झोप लागल्यावरच थांबायची. वाटेनं जातानाही ती आजोबांच्या पुढं उड्या मारत, खेकड्याला किती पाय असतात ते मोजून सांगत गेली.

ऊन चढलं. वाफ्यांवरून पांढरा उजेड असा उसळत होता की डोळे उघडे ठेवणं जिवावर यायचं. ओल्या आणि त्याची बायको समोरासमोर उभे राहून फळ्या ओढत होते. तळाशी चिकटलेलं मीठ खरवडून वर येताना करकर आवाज व्हायचा. खारं पाणी पायाच्या भेगांत शिरून चुरचुरत होतं. भेगा पडल्या की बऱ्या होत नाहीत, हंगाम संपेपर्यंत उघड्याच राहतात. ओल्या चार हात ओढायचा आणि कमरेवर हात ठेवून थांबायचा. ओढलेलं मीठ बांधावर ढीग लावायला पाटीवाली म्हातारी होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, आणि मान जराही न हलवता ती अख्खा बांध चालून जायची.

मधे बायकोनं पेला भरून नवऱ्याच्या हातात दिला. "प्या. बाईंनी सांगितलंय."

त्यानं पेला घेतला. ओठांपर्यंत नेला. आणि मग तिनं बघितलं. त्यानं मान वळवून लांब बांधावर छत्री घेऊन उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं. म्हाताऱ्याचं लक्षसुद्धा नव्हतं. तरी ओल्यानं पेला हळूच बांधाच्या मातीवर ठेवून दिला.

"नंतर पितो."

इतकी वर्षं संसार केला, पण हे तिनं कधी नीट पाहिलंच नव्हतं. पोराबाळाचा बाप झालेला माणूस घोटभर पाणी प्यायच्या आधी बापाचं तोंड बघतो. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण कुणावर काढायची तेच कळेना. नवऱ्यावर काढावी तर तो मुळातच अर्धमेला. तिनं फळी एवढ्या जोरात ओढली की खालचा चिखल वर आला आणि तेवढं मीठ काळं झालं.

संध्याकाळी टिटवी घरी आली ती गप्प. हातपाय धू म्हटलं, धुतले. जेवायला बस म्हटलं, बसली. आईनं बाटली उचलली तर ती जड लागली. सकाळी गळ्यापर्यंत भरली होती, तशीच परत आली होती.

"पाणी का नाही प्यायलीस?"

"नको होतं."

"एवढ्या उन्हात नको होतं?"

पोरीनं एकदा बापाकडे बघितलं, एकदा दाराकडे. "आजोबा म्हणाले, पाणी प्यायलं की उठावं लागतं. दारावरून उठायचं नसतं."

आईनं तिला जवळ ओढलं. फ्रॉक मागून ताठ झाला होता, मीठ वाळल्यासारखा. पण तो वास मिठाचा नव्हता. पोरीनं दोन्ही हातांनी फ्रॉक मागे घट्ट धरला.

"मी मुद्दाम नाही केलं," ती म्हणाली. "मी खूप वेळ धरून ठेवलं होतं. आजोबांना सांगू नकोस. ते म्हणाले, उठलीस किंवा फ्रॉक खराब केलास तर सगळ्यांसमोर उभी करीन. बाबांना केलं होतं तसं."

ओल्याचा घास हातातच राहिला. मग त्यानं तो ताटात ठेवला, हात धुतला आणि उठून अंगणात जाऊन बसला. बायको मागोमाग गेली.

"काय केलं होतं तुम्हाला?"

"जुनं आहे. जाऊ दे."

"काय केलं होतं?"

"अगं, पोरांना वळण लावायला काय काय करतात. बोलतात जरा. तू उगाच डोक्यात घेऊ नकोस." तो बोलत होता तसतसा त्याचा एक हात आपोआप ओटीपोटावर गेला आणि तिथंच राहिला. तिनं पुढं विचारलं नाही. पण उद्यापासून पोर दारावर जाणार नाही, हे तिनं त्याला दोनदा ऐकवलं. तो हो म्हणाला. हो म्हणणं त्याला फार सोपं जायचं, कुणालाही.

सकाळी ती नळावरून पाणी घेऊन आली तर टिटवीच्या वहाणा दाराशी नव्हत्या.

"पोर कुठाय?"

ओल्या खाटेवर बसून पायाला तेल चोळत होता. त्यानं वर बघितलं नाही. "बाबा आले होते. घेऊन गेले. आज मोठं उधाण आहे."

"आणि तुम्ही?"

"मी काय बोलणार?"

तिच्या हातातली कळशी कधी खाली ठेवली गेली, ठेवली की पडली, तिलाच आठवलं नाही. ती तशीच निघाली. पदर खोचायचंही भान नव्हतं. मागून ओल्या हाका मारत, फरफटत येत होता. वळणावर पाटीवाली म्हातारी भेटली, रिकामी पाटी काखेत मारून कामावर निघालेली. हिचा चेहरा बघून तीही पाय उचलून बरोबर चालू लागली.

"मावशी," सून म्हणाली, "माझ्या नवऱ्याला ओल्या का म्हणतात?"

म्हातारीचा पाय अडखळला. "सगळेच म्हणतात."

"का म्हणतात? पाण्यात काम करतो म्हणून, असं मला लग्नात सांगितलं होतं. पाण्यात तर आपण सगळेच काम करतो."

म्हातारीनं मागं वळून ओल्या किती लांब आहे ते बघितलं. मग म्हणाली, "एवढंसं होतं पोर. आई जाऊन वर्ष झालं नसेल. दारावर बसवलेलं, हलायचं नाही, पाणी मागायचं नाही. एक दिवस झाली चड्डी ओली. मुकादमानं त्याला वाफ्यांच्या मधल्या बांधावर आणून उभं केलं. दुपारच्या उन्हात. चड्डी वाळेपर्यंत इथंच उभा राहील म्हणाला. आणि सगळ्यांना म्हणाला, बघा, माझा ओल्या बघा. तेच नाव पडलं."

"आणि तुम्ही सगळे?"

"हसलो," म्हातारी म्हणाली. "मुकादम हसला, म्हणून हसलो. मीही हसले. एकदाच नाही झालं ते. पुढं पुढं पोरानं स्वतःच पाणी सोडलं. मग मुकादम सांगायचा, बघा कसा शहाणा केला."

सून थांबली. मागं वळून बघितलं. लांबून ओल्या येत होता, एक पाय दुसऱ्यापुढं ओढत. गेल्या किती वर्षांत आपण स्वतः त्याला त्या नावानं हाक मारली, हे तिच्या मनात आलं. बाहेरच्यांसमोर, चेष्टेत, लाडानं, कित्येकदा. आणि तोही प्रत्येक वेळी ओ देत आला.

बांधावर पोचली तेव्हा भरती चढत आली होती. समुद्राच्या बाजूचं पाणी बांधाच्या काठाला टेकलं होतं, तळ्याच्या बाजूला दाराच्या खालच्या कोपऱ्यातून बारीक धार सुटली होती. टिटवी चिखलात बसून एका टाचेनं ती धार दाबून होती. दुसरा पाय मांडीवर घट्ट आवळून घेतलेला. ओठ फुटलेले. फडकं डोक्यावरून घसरून मानेवर आलेलं, पण ते नीट करायला तिनं हातसुद्धा हलवला नव्हता. मुकादम जवळच छत्रीच्या सावलीत उभा होता.

"उठ," आई म्हणाली.

पोरीनं आईकडे बघितलं. आणि मग मान वळवून आजोबांकडे बघितलं.

ते वळणं. अगदी तसंच वळणं. आईनं खाली वाकून तिला काखेत धरलं आणि उचलून घेतलं. पोर एवढी आखडली होती की पाय सरळ होईनात.

"खाली ठेव तिला," मुकादम म्हणाला. "भरती आहे. दिसत नाही?"

"दिसतंय. सगळं दिसतंय मला आता."

"मला माझ्या बापानं बसवलं होतं इथं. मी आहे ना उभा?"

"तुम्ही आहात उभे. तुमचा मुलगा परवापर्यंत दवाखान्यातल्या खाटेवर पडून होता. मूत धरून धरून त्याच्या किडन्या गेल्या तुमच्या शिस्तीपायी, आणि आता माझ्या पोरीवर सुरू केलंत."

सुनेच्या तोंडून असला शब्द मिठागरावर कुणी ऐकला नव्हता. वाफ्यांतली माणसं फळ्या धरून थांबली. मुकादमानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खालची धार आता जाड झाली होती. तो बांधावर येऊन पोचलेल्या मुलाकडे वळला.

"ओल्या. दारावर."

आणि ओल्या गेला. काही बोलला नाही, बायकोकडे पाहिलं नाही, नुसता गेला. जाऊन पोर बसली होती तिथंच बसला, तसाच पाय आवळून, आणि कोपरापर्यंत हात बिळात घातला. धार थांबली. मुकादमानं छत्री या हातातून त्या हातात घेतली.

ती पोरीला घेऊन बांधापलीकडच्या झुडपांआड गेली. तिला मोकळं होऊ दिलं, पाणी पाजलं, पुन्हा पाजलं, तोंडावर पाण्याचा हबका मारला. पोर मुसमुसत होती. तिला पाटीवालीजवळ बसवून ती परत आली, तेव्हा ओल्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो बसल्या जागी पुढेमागे हलत होता. दवाखान्यातल्या गोळ्या अंगातलं पाणी काढायच्याच होत्या. सकाळी तिनंच बळेबळे दिल्या होत्या, दोन पेले पाण्याबरोबर.

"बाबा," ओल्या म्हणाला. आवाज नुसता श्वासासारखा. "जरा जाऊन येऊ?"

मिठागरावर भरतीच्या पाण्याशिवाय कशाचाही आवाज नव्हता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"भरती ओसरू दे," मुकादम म्हणाला.

वाफ्यांतून कुणीतरी फिसकन हसलं. "हसू नका रे," पाटीवाली म्हातारी एवढ्या जोरात ओरडली की ते हसणं तिथंच मेलं.

सून नवऱ्यासमोर जाऊन उकिडवी बसली. त्याच्या चेहऱ्याला चेहरा लावून. तिला बोलायचं होतं खूप, शिव्याही द्यायच्या होत्या, त्यालासुद्धा. पण त्याच्या डोळ्यांत इतकं लहान पोर बसलं होतं की तिचा आवाज खाली आला.

"कुणाला विचारताय? तुमचं अंग आहे. उठा."

"मीठ जाईल."

"जाऊ दे."

"सगळा हंगाम जाईल गं."

"हंगाम दरवर्षी येतो. उठा."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या नजरेनं पाटीवालीजवळ बसलेल्या लेकीला शोधलं. ती अजून पाय आवळूनच बसली होती. ओल्यानं बिळातून हात काढला. चिखलानं माखलेला, पांढरा पडलेला, सुरकुतलेला हात. आणि गुडघ्यावर जोर देऊन तो उठला.

पाणी सुटलं. आधी मनगटाएवढं, मग चिखलाचा एक लगदा घेऊन मांडीएवढं. मुकादमानं छत्री फेकली. "ओल्या! बस खाली! माती आणा रे, माती आणा कुणीतरी." माणसं एकमेकांकडे बघत राहिली. पाटीवालीनं पाटी उपडी घातली आणि तिच्यावर बसली. मग म्हाताराच धोतर खोचून चिखलात उतरला आणि पाठ लावून दाराशी टेकला. छातीपर्यंत पाणी उडत होतं.

ओल्या चार पावलं बांधावर चालून गेला. सगळ्यांकडे पाठ करून, भर उन्हात, सगळ्या मिठागरादेखत तो उभा राहिला. लवकर झालं नाही. जेव्हा सुरू झालं तेव्हा दुखून त्यानं दात आवळले. बांधाच्या मातीवर पडलं ते पिवळं नव्हतं, तांबूस होतं. तिनं ते बघितलं आणि नजर वळवली नाही.

"निर्लज्जा," मुकादम ओरडत होता. "बायकापोरींसमोर? माझं मीठ चाललंय आणि तू..."

"झालं की येतो," ओल्या म्हणाला. त्यानं मान वळवली नाही.

पुढच्या वाफ्यांत पाणी शिरलं. आठवडाभर धरलेलं मीठ आधी मऊ झालं, मग दिसेनासं झालं. कुणी हललं नाही. ओल्याचं काम बराच वेळ चाललं. थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. त्यानं घाई केली नाही. सगळं संपल्यावर त्यानं तळ्याच्या पाण्यात हात धुतले, मग बांधावरची ओली माती दोन्ही हातांनी उचलून बापाजवळ आला. मुकादमाचे ओठ निळे पडले होते, आणि तो वाट बघत होता.

ओल्यानं माती दाबली. पुन्हा आणली, पुन्हा दाबली. मग वाफ्यांतले दोघे उतरले, पाटीवालीनं पाटी सुलटी करून भरली. मागचे वाफे वाचले. पुढचं सगळं गेलं.

"उद्या पोर इथं दिसणार नाही," ओल्या म्हणाला. आवाज कापत होता, पण त्यानं वाक्य पुरं केलं. "परवाही नाही."

"मग दारावर कोण बसणार?"

"कुणीही बसवा. मोठं माणूस बसवा. आणि बाबा, त्याला लागली तर उठू द्या."

म्हातारा काहीतरी बोलणार होता, पण त्याला खोकला आला. ओल्यानं त्याला हात धरून चिखलातून वर काढलं, कारण दुसरं कुणी पुढं आलं नाही. बायकोनं ते लांबून बघितलं. ती मदतीला गेली नाही. तिनं लेकीला पाठीवर घेतलं आणि घरची वाट धरली, आणि वाटभर ती त्या म्हाताऱ्याला मनात शिव्या देत राहिली.